नोंद बंद झाली म्हणजे प्रश्न मिटला का?

गेल्या अंकातील टिपणात पायथन या संगणकाच्या मुक्तस्रोत भाषेविषयी लिहिताना आम्ही म्हटले होते की, या भाषेतील दोष कोणीही तिच्या सार्वजनिक नोंदवहीत नोंद करून दाखवून देऊ शकतो आणि तो दुरुस्त करण्यासाठी पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये सुचवलेला बदल, स्वतः पाठवूही शकतो. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात मराठी शिकवते. जुन्या नियतकालिकांतील मजकुरात कोणता शब्द किती वेळा आला आहे हे मोजता यावे, एवढ्यासाठी मी पायथन शिकले. पुस्तकात दिलेल्या रीतीने शब्द वेगळे करू गेले, तर ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे होतात आणि ‘घरी’चे नुसते ‘घर’ उरते. चूक माझी आहे की भाषेची? भाषेची असेल तर ती कोणाला कळवावी? — एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : चूक आपली नाही. आपले पत्र आल्यावर मी तोच प्रयोग ३.१३ या आवृत्तीवर करून पाहिला. ‘विद्यार्थी’ या एका शब्दाचे ‘व’, ‘द’, ‘य’, ‘र’, ‘थ’ असे पाच तुकडे झाले, ‘अंगण’चे ‘अ’ आणि ‘गण’ झाले. ‘कमल’, ‘शरद’, ‘नगर’ हे शब्द मात्र जसेच्या तसे राहिले, कारण त्यांत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांपैकी काहीच नाही.

याचे कारण असे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात शोध घेण्यासाठी लिहिलेल्या नमुन्यात, शब्दातील वर्ण ओळखण्यासाठी बॅकस्लॅश आणि डब्ल्यू ही खूण वापरतात. पायथनमध्ये या खुणेत अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच बसते. सर्व लिप्यांतील वर्णांना सांकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या वर्गवारीत ‘म’ किंवा ‘ठ’ हे ‘अक्षर’ या वर्गात आहेत, पण काना आणि वेलांटी ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी पायथनच्या लेखी शब्द संपतो. ‘मराठी’ हा शब्द केवळ अक्षरांचा बनलेला आहे का, असे पायथनला विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येते, आणि ‘कमल’विषयी विचारले तर ‘होय’ असे येते. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फार वाईट वाटले होते, आणि आजही ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

हा दोष कोणी दाखवला नाही, असे मात्र नाही. २००७ मध्येच, क्रमांक १६९३०५० या नोंदीत, एका वापरकर्त्याने देवनागरी मजकुराचेच उदाहरण देऊन शब्दांचे असे तुकडे होतात हे कळवले होते. त्यानंतर २०११ च्या ऑगस्टमध्ये टॉम क्रिश्चनसन या पर्ल भाषेतील जाणकारांनी १२७३१ क्रमांकाच्या नोंदीत हाच मुद्दा युनिकोडच्या तांत्रिक मानक क्रमांक १८ चा आधार देऊन मांडला. त्या मानकाची शिफारस स्पष्ट आहे : शब्दवर्णांत अक्षरांबरोबर सर्व चिन्हे घ्यावीत आणि जोडणारी अदृश्य खूणही घ्यावी. ही शेवटची बाब मराठीला विशेष लागू पडते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्धा र जुन्या टंकलेखनात ‘र’, हलन्त आणि ती अदृश्य खूण अशा जोडीने लिहिलेला असतो, तर नव्या मजकुरात तो नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहितात. आपण जुन्या नियतकालिकांच्या टंकलिखित प्रती वापरत असाल, तर एकाच शब्दाची ही दोन रूपे आपल्या मोजणीत वेगवेगळी पडत असतील. तेवढे एकदा तपासून पाहावे.

मग इतक्या वर्षांत दुरुस्ती का झाली नाही? विरोधी बाजू पोकळ नाही, म्हणून ती नीट सांगतो. या खुणेचा अर्थ पायथनच्या दस्तऐवजात लिहिलेला आहे आणि प्रोग्रॅम त्या लेखी अर्थाप्रमाणेच वागतो. शब्दाची सीमा ओळखणारी दुसरी खूणही याच व्याख्येवर उभी आहे. व्याख्या बदलली तर जगभरातील असंख्य प्रोग्रॅमची उत्तरे बदलतील, आणि बदलतील तीही कोणतीही सूचना न देता. प्रोग्रॅम बंद पडला तर निदान कळते, पण मोजणी निमूटपणे बदलली तर ती कोणाच्याच लक्षात येत नाही. भाषा सांभाळणाऱ्यांना ही भीती वाटते आणि ती खरी आहे.

तरीही माझे मत आपल्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण पायथनमध्येच सापडते. २००८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून चलाचे (व्हेरिएबलचे) नाव देवनागरीत ठेवता येते. म्हणजे आपण ‘मराठी’ नावाचे चल केले तर पायथन ते एकसंध नाव म्हणून बिनतक्रार स्वीकारतो, कारण नावांच्या नियमात मात्रा आणि हलन्त यांना जागा दिलेली आहे. आकड्यांचेही तसेच आहे : ‘१२३’ ही देवनागरीत लिहिलेली अक्षरमाला पूर्णांकात रूपांतरित करायला सांगितली तर ती बरोबर रूपांतरित होते. नाव ओळखताना ‘मराठी’ हा एक शब्द आणि मजकुरात शोधताना दोन तुकडे, ही विसंगती दस्तऐवजात लिहून ठेवल्याने सुसंगत होत नाही.

आपले काम अडून राहू नये म्हणून दोन उपाय सांगतो. पहिला उपाय म्हणजे ‘रेजेक्स’ नावाचे स्वतंत्र मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, बसवून घेणे. त्याची शब्दाची व्याख्या युनिकोडच्या शिफारशीला धरून आहे आणि त्यात ‘विद्यार्थी’ अखंड राहतो. दुसरा उपाय म्हणजे देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा युनिकोड सांकेतांकांचा पट्टा स्वतः लिहून देणे. मात्र त्यातून ०९६४ आणि ०९६५ हे दोन सांकेतांक वगळावेत, कारण ते दंड आणि दुहेरी दंड आहेत. ते राहिले तर ओव्यांतील प्रत्येक शेवटचा शब्द दंडासह मोजला जाईल. कळवण्याविषयी विचाराल तर नवी नोंद करू नये. १२७३१ क्रमांकाच्या जुन्या नोंदीखाली आपल्या मजकुराचा एक परिच्छेद, त्यातील शब्दांची हाताने केलेली मोजणी आणि पायथनची मोजणी, ही तिन्ही शेजारीशेजारी द्यावीत. किती शब्द तुटतात याचा असा पुरावा मराठी मजकुराच्या अभ्यासकाकडूनच येऊ शकतो.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेचा निवृत्त शिक्षक आहे. पायथनमध्ये २.५ ही संख्या जवळच्या पूर्णांकात आणली तर उत्तर ३ ऐवजी २ येते. मी रीतसर नोंद केली, तर ‘हा दोष नव्हे’ असा शेरा मारून ती त्याच दिवशी बंद करण्यात आली. ‘दस्तऐवजात लिहिले आहे’ एवढे म्हणून कोणाचीही तक्रार बंद करता येत असेल, तर नोंदवहीला अर्थ काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि त्यांची माझी उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध दिशेची आहेत.

आपली नोंद बंद केली हे योग्यच झाले. बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे न्यावी, हा नियम पायथनने ३.० मध्ये जाणूनबुजून स्वीकारला. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची खरी बेरीज ८ आहे. शाळेतील रीतीने प्रत्येक संख्या वर नेली तर १, २, ३ आणि ४ मिळून १० होतात, सम संख्येच्या नियमाने ०, २, २ आणि ४ मिळून ८ होतात. मोठ्या बेरजांत शाळेची रीत सतत एकाच बाजूला झुकते, ही तिची अडचण आहे. हिशेबात आपल्याला शाळेचीच रीत हवी असेल तर ‘डेसिमल’ हे मॉड्यूल वापरावे. त्यात अर्धा वर नेण्याचा नियम निवडता येतो आणि पैशांसाठी ते एरवीही अधिक योग्य आहे. शेरा मारणाऱ्याने या चार संख्यांचे उदाहरण दिले असते तर आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते, एवढे मात्र खरे.

आता दुसरा भाग. दस्तऐवजात लिहिलेले असूनही बदललेली गोष्ट या नोंदवहीत आहे, आणि ती आपण भारतीयांनी अवश्य वाचावी अशी आहे. २००३ मधील २.३ या आवृत्तीपासून पायथनमध्ये दिवसातील वेळ दर्शवणारा एक प्रकार आहे. त्यात मध्यरात्रीची वेळ, म्हणजे शून्य तास शून्य मिनिटे, ‘असत्य’ धरली जाई, म्हणजे अटीत तपासली तर उत्तर ‘नाही’ येई. प्रोग्रॅमर लिहितो, ‘वेळ दिली असेल तर पुढे जा’, आणि त्याच्या मनात असते की वेळ भरलेली आहे की रिकामी. दिवसभर हे बरोबर चालते, पण कोणी नेमकी रात्री बाराची वेळ भरली की प्रोग्रॅम ती भरलीच नाही असे समजतो. दिवसा घेतलेल्या चाचणीत हा दोष सापडण्याची शक्यता फार कमी असते.

त्याहून चमत्कारिक गोष्ट कालपट्ट्यांची होती. नियम ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा असल्यामुळे साडेपाच तासांचा भारतीय फरक जोडलेल्या वेळेत मध्यरात्र ‘सत्य’ ठरे आणि पहाटेचे साडेपाच ‘असत्य’ ठरत. ग्रीनिचच्या पश्चिमेला, उदाहरणार्थ पाच तास मागे असलेल्या पट्ट्यात, दिवसाची कोणतीच वेळ ‘असत्य’ ठरत नसे. एकच प्रोग्रॅम, तीन ठिकाणी तीन प्रकारचे वागणे, आणि तिन्ही दस्तऐवजाप्रमाणे बिनचूक.

२०१२ मध्ये क्रमांक १३९३६ ची नोंद झाली आणि ‘हा दोष नव्हे’ म्हणून बंद झाली. २०१४ मध्ये ती पुन्हा उघडली गेली आणि जोरदार वाद झाला. या प्रकाराच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा होता त्या टिम पीटर्स यांनी मूळ रचनेची बाजू लावून धरली : शून्य ही संख्या जशी असत्य, तशीच शून्य वेळ. समोरच्या बाजूचे म्हणणे असे होते की, या प्रकारच्या दोन वेळांची बेरीज-वजाबाकी मुळात करताच येत नाही, मग मध्यरात्रीला शून्य म्हणण्यात अर्थ काय? मध्यरात्र ही इतर वेळांसारखीच एक वेळ आहे. हा युक्तिवाद टिकला. १३ सप्टेंबर २०१५ रोजी आलेल्या ३.५ या आवृत्तीत तो नियम काढून टाकला गेला आणि दस्तऐवजात आज स्पष्ट लिहिलेले आहे की, ते वागणे दुर्बोध आणि चुकांना वाव देणारे मानले गेले. त्या ओळीत जुन्या नोंदीचा क्रमांकही दिलेला आहे. मात्र २.७ या जुन्या शाखेत तो नियम अखेरपर्यंत तसाच ठेवला, कारण लेखी वागणे चालू आवृत्तीत मध्येच बदलायचे नाही हा शिरस्ता त्यांनी पाळला. मला तोही निर्णय पटतो.

आपली नोंद आणि ही नोंद यांत फरक हा की, आपल्या प्रकरणात लेखी नियमामागे आजही टिकणारे कारण आहे. मध्यरात्रीच्या नियमामागचे कारण तपासले गेले तेव्हा ते टिकले नाही.

प्रश्न : मी एका लहान दोषाची दुरुस्ती करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ती मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, पाठवली. चार महिने झाले, कोणी पाहिलेले दिसत नाही. नवख्या माणसाचे काम मुद्दाम बाजूला ठेवतात का? — एक अभियंता, नाशिक

उत्तर : मुद्दाम ठेवत नाहीत, पण बाजूला पडते हे खरे, आणि त्याचा मनस्ताप होतो हेही खरे. दुरुस्ती स्वीकारण्याचा अधिकार असलेल्या कोअर डेव्हलपरांपैकी बहुतेक जण स्वतःचा वेळ काढून हे काम करतात. तपासणीच्या प्रतीक्षेत असलेल्या पुल रिक्वेस्ट हजाराहून अधिक असतात. त्यांतही पॅच ज्या मॉड्यूलचा असेल ते खोलवर जाणणारा माणूस एखादाच असतो, कधी कधी तोही नसतो.

आपल्या हातातील गोष्टी सांगतो. योगदानाच्या करारावर सही झाली आहे ना, ते आधी पाहा, कारण त्याशिवाय काम पुढे सरकत नाही. दुरुस्तीबरोबर टेस्ट असायलाच हवी, आणि ती अशी हवी की जुन्या कोडवर ती नापास होईल व नव्या कोडवर पास होईल. नुसती पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. पॅच पाहणाऱ्याला आधी हेच करून पाहायचे असते, म्हणून त्याचे ते काम आपण हलके करायचे. बदलांच्या नोंदीसाठी एक-दोन वाक्यांची बातमी ‘ब्लर्ब’ या साधनाने जोडा, आणि ती प्रोग्रॅमरला नव्हे तर वापरणाऱ्याला कळेल अशी लिहा. ओळींची मांडणी सुधारणे, चलांची नावे बदलणे असले काही त्याच पॅचमध्ये घातले असेल तर काढून टाका. तीन ओळींची दुरुस्ती चाळीस ओळींत दडली तर कोणीही ती उद्यावर ढकलतो. महिनाभर प्रतिसाद नसेल तर तेथेच सभ्य शब्दांत आठवण करून देणे रीतीला धरून आहे. आपले तर चार महिने झाले आहेत.

जुने क्रमांक सापडत नाहीत असेही आपण लिहिले आहे. पायथनची नोंदवही आधी सोर्सफोर्जवर होती, २००७ पासून राउंडअप या प्रणालीवर आली आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये गिटहबवर हलवली गेली. हलवताना नोंदींना नवे क्रमांक मिळाले, मात्र जुन्या क्रमांकावरून नव्या नोंदीपर्यंत पोहोचता येते.

प्रश्न : एखाद्या मॉड्यूलमध्ये सुरक्षेचा दोष सापडला तर तो सर्वांसमोर नोंदवावा का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. पायथनच्या सुरक्षा पथकाला तो खासगीत कळवावा, कारण दुरुस्ती येण्याआधी जाहीर झालेला दोष वाईट हेतूच्या माणसाच्या हाती आयता पडतो. पथकाचा पत्ता पायथनच्या संकेतस्थळावरील सुरक्षेच्या पानावर आहे.

यासंबंधी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. अनेक फाइल एकत्र बांधणाऱ्या टार प्रकारच्या संग्रहातील फाइलच्या नावात दोन टिंबे आणि तिरकी रेघ घातली, तर संग्रह उलगडताना ती फाइल ठरलेल्या फोल्डरबाहेर जाऊन पडू शकते. हे २००७ मध्ये कळवले गेले होते. तेव्हा दस्तऐवजात इशारा लिहिला गेला : परक्या स्रोताकडून आलेला संग्रह तपासल्याशिवाय उलगडू नये. इशारा बरोबर होता, पण तो वाचणारे थोडे होते. २०२२ मध्ये हाच दोष पुन्हा चर्चेत आला, ३.१२ मध्ये धोकादायक नावे अडवणारी चाळणी देण्यात आली, आणि ती आपोआप लागू होण्यासाठी ३.१४ ही आवृत्ती यावी लागली. आपण जुनी आवृत्ती वापरत असाल तर ही चाळणी स्वतः सांगून लावा.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. माझे इंग्रजी बेताचे आहे आणि पायथनच्या आतील सी भाषा मला येत नाही. तरी मला काही करता येईल का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नक्कीच येईल. चांगल्या नोंदीला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. कोणती आवृत्ती, कोणती संगणक प्रणाली, मी काय लिहिले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, एवढी पाच लहान वाक्ये पुरतात. कोड मात्र इतका छोटा करा की त्यातील एकही ओळ काढली तर दोष दिसेनासा होईल. हे छोटे करण्याचे काम करता करता निम्म्या वेळा चूक स्वतःचीच होती हे कळते आणि उरलेल्या निम्म्या वेळा दोषाचे नेमके ठिकाण सापडते.

सी भाषा न येणाऱ्यांसाठीही तेथे भरपूर काम आहे. पायथनचे मानक ग्रंथालय बहुतांशी पायथनमध्येच लिहिलेले आहे आणि ‘सोपे’ अशी चिठ्ठी लावलेल्या नोंदी वेगळ्या पाहता येतात. पण मी तुम्हाला त्याआधीचे काम सुचवीन. हजारो जुन्या नोंदी उघड्या आहेत आणि त्यांतील कित्येक दोष आज शिल्लक आहेत की नाहीत हेच कोणी पाहिलेले नाही. स्ट्रिंग किंवा तारखा यांविषयीची एक जुनी नोंद निवडा, तीत दिलेला कोड ताज्या आवृत्तीवर चालवा, आणि खाली आवृत्तीचा क्रमांक व मिळालेले उत्तर लिहा. सुरुवात वर सांगलीच्या बाईंना सांगितलेल्या नोंदीपासून केली तरी चालेल. त्यासाठी लागणारे शब्द तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या कोणत्याही पानावर मिळतील.